चापाची कानातली

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींची कंबर कशी आहे? कुबड्या सुटून काठीवर आले का? त्यांना म्हणावं मेहुणी विचारत होती, म्हणजे लाजेकाजेस्तव चार पावलं जास्त टाकतील.

इथे सगळं ठीक. थंडी यंदा लवकर पडली. स्वयंपाकघराची खिडकी अजून नीट लागत नाही, तिच्या फटीत मी जुनं फडकं कोंबलंय. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. थंडीत लोक खिशात हात घालून चालतात, घसरतात, आणि पडताना चष्मा आधी जमिनीला लागतो. आमचे मालक खूश आहेत. आई ठीक आहे. जेवते, झोपते, सकाळी फिरायला जाते.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीतच आहे. तुझ्यामागून भावोजी गोळी मागतात, माझ्यामागून आई विचारत राहते, "कोण आहे? कारखान्यातून आहे का?" म्हणून पत्र.

आता एक काम, आणि हसायचं नाही. मला कानातली हवीत. हो, मलाच. माझ्या कानांची कथा तुला पाठ आहे. लहानपणी टोचले ते पिकले, आईनं घाबरून भोकं बुजू दिली, आणि मोठेपणी पुन्हा हौस केली तर पाळीवर वाटाण्याएवढी गाठ आली. तेव्हा "टोचूनच घे ना" हे लिहू नकोस. मला चापाची हवीत.

इथल्या बाजारात जे मिळतं ते सगळं करून झालं. पहिली जोडी स्प्रिंगच्या चापाची. दुकानात आरशासमोर छान वाटली, घरी येईस्तोवर कान असे तापले की त्यावर चहा उकळावा. मग फिरकीची घेतली. ती सैल ठेवली तर पडतात, आवळली तर पाळी जांभळी. मग लोहचुंबकाची. ती खरंच सुखाची होती गं, पण एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी डोळ्यांजवळ धरून घट्ट करत होते, तर डावं कानातलं निसटून स्क्रू-ड्रायव्हरला जाऊन चिकटलं. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तुमचा दागिना हत्यारावर भाळला." दिवसभर मी लोकांना विचारते, कानामागे टोचत तर नाही ना, आणि माझे स्वतःचे कान हे असे.

तुझ्याकडे मोठी दुकानं आहेत. बघशील का? लहान पांढरा मोती, हलका, तुझ्या त्या नेहमीच्या जोडीसारखा. चाप असला तर त्याला आतून रबराची गादी हवी. रोज बराच वेळ घालता आली पाहिजेत. आमच्या दुकानातल्या बाईंच्या मुलीचं लग्न आहे.

आणि आईला हातमोजे. लोकरीचे नकोत, त्यातून वारा शिरतो आणि ओले झाले की संपलं. वरून मऊ चामडं, आतून लोकरीचं अस्तर, मनगट झाकेल एवढी लांबी. एक माप मोठे घे. घट्ट मोज्यात बोटं जास्त गार पडतात. आधीची जोडी खराब झाली.

तुझी, उतारवयात नटायला निघालेली,
बारकी

२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पुडकं मिळालं, पत्रही. भावोजी काठीवर आले हे वाचून बरं वाटलं.

तू म्हणजे तूच आहेस. लिहितेस, "लग्न एका दिवसाचं, मग रोज बराच वेळ घालायची कानातली कशाला? आणि गेल्या हिवाळ्यात मी पाठवलेले मोजे इतक्यात खराब कसे झाले?" पकडलंस. लग्न ऑक्टोबरातच झालं. मी तुला नीट सांगितलं नाही, कारण तू तिकडे एकटी भावोजींना उठवतेस, बसवतेस, त्यात आणखी ही धोंड कशाला तुझ्या गळ्यात. पण आता सांगते.

आई फिरायला जात नाही. ती कामाला जाते. रोज सकाळी उठून, केस बांधून दाराशी उभी राहते आणि म्हणते, भोंगा झाला. कारखाना बंद होऊन किती काळ लोटला, तिथे आता जुन्या सोफ्यांचं गोदाम आहे, हे सांगून उपयोग नाही. अडवलं तर दारावर डोकं आपटते. एकदा अडवलं, पुन्हा हिंमत झाली नाही. म्हणून मी तिच्याबरोबर जाते. कोपऱ्यावरच्या धोब्यापासून वळायचं, पुलाखालून जायचं, की फाटक. ती फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभी राहते. लोखंड असं गार असतं की माझा हात लागला तर मी ओढून घेते. ती सोडत नाही. आतून कोणी उघडेल म्हणून वाट बघते. मग आपोआप कंटाळते आणि म्हणते, आज सुट्टी दिसते. मग आम्ही परत येतो, आणि मी तिला वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे सोपवून दुकानात पळते.

तिची बोटं सुजली, लाल झाली, मग दोन बोटांवर फोड फुटले. डॉक्टर म्हणाले, या वयात ही बोटं भरून यायला फार वेळ घेतील, आणि अशीच गारठत राहिली तर काळी पडतील. मग हातात काही राहणार नाही. मला म्हणाले, "एक तर त्यांना घरात ठेवा, नाहीतर हातमोजे घाला." जसं काही मला सुचलंच नव्हतं.

मोजे घालायचे कसे, ते त्यांना कोण सांगणार? तुझे मोजे खराब नाही झाले, ताई. तिनं उसवले. हातात मोजा आला की ती तो उलटा करते. करंगळीपासून सुरुवात करून प्रत्येक शिवण नखानं चाचपते, आणि मग एक टाका धरून जो ओढते तो पार अंगठ्यापर्यंत. हातमोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आयुष्य गेलं ना. म्हणते, "परत शिवा." तुझे गेले, माझे गेले, मावशींनी विणून दिले ते तर मिनिटात गेले. अंगठा सोडून सगळी बोटं एकाच पिशवीत जातात तसले आणले, तर हसली आणि म्हणाली, "हे तान्ह्या बाळाचे, आपला माल नाही." मी संध्याकाळी बसून पुन्हा शिवते. माझं शिवणकाम कसं, हे सगळ्या जगाला माहीत. एकदा माझे टाके बघून ती मावशींना हळूच म्हणाली, "ही नवीन बाई ठेवू नका. हिला जमणार नाही."

नवीन बाई म्हणजे मी.

हे मी तुला फोनवर कसं सांगणार होते? ती मला ओळखत नाही गं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी तिचे डोळे तपासून घेतले, नवीन काचा घातल्या. नव्या काचांतून तिनं मला नीट बघितलं आणि विचारलं, "तुमची आई कुठे असते?"

आता त्या लग्नाची गोष्ट. बाई म्हणाल्या, अगदीच लंकेची पार्वती होऊन येऊ नका, म्हणून मी ती पहिली स्प्रिंगची जोडी घेतली, पांढऱ्या मोत्यांची. तयार होऊन आईच्या खोलीत डोकावले. तिनं माझ्या कानांकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "ताई, आलीस होय? किती वाळलीस." आपण दोघी एका साच्यातल्या, फरक काय तो तुझ्या कानातल्या मोत्यांचा. मी गप्प बसले. का गप्प बसले, माहीत नाही. इतक्या महिन्यांनी ती माझ्याकडे बघून हसली होती.

मग मी सहज, खरंच सहज, खुंटीवरचे, मी पुन्हा शिवलेले मोजे काढून तिच्या पुढे धरले. तिनं घातले. उलटे न करता घातले. तुला आठवतं, लग्नाआधी तू तिच्याच कारखान्यात शिवायला बसायचीस, तेव्हा ती सगळ्यांसमोर काय म्हणायची? "ताईचं काम मी उलटून बघत नाही." अजूनही बघत नाही.

तर हे असं आहे. रोज सकाळी मी तुझी कानातली घालते आणि तू होते, मग आई मोजे घालते. कानातली काढली तर ती मोजेही काढते, म्हणून परत येईस्तोवर ती काढता येत नाहीत. कान दुखतात ते त्यामुळे. तुझी नवीन जोडी घातलीये. रबराची गादी चांगली आहे.

रागावू नकोस. मला दुसरं काही सुचलं नाही.

तुझी,
बारकी

१९ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग भांडी घासली. तू लिहितेस, "मी यायला हवं." कशी येशील? भावोजी काठी टेकत मोरीपर्यंत जातात, त्यापुढे कोण? तू येऊ शकत नाहीस आणि मी कुठे जाऊ शकत नाही. यात कोणाचीच चूक नाही, हेच तर वाईट आहे. चूक असती तर भांडलो तरी असतो.

आधी चांगली बातमी. आईचे फोड सुकले. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली. तुझे मोजे तिनं एकदाही उलटे केले नाहीत. फाटकाचे गज धरते ते मोज्यांनी धरते. चामड्यावर गंजाचे पट्टे उमटलेत, ते मी पुसत नाही.

कानातलीही बसली. आता दुखत नाहीत. परवा तर विसरले आणि तशीच दुकानात गेले. बाई म्हणाल्या, "शोभतात हो तुम्हाला." दुखत होती तेव्हा निदान आठवण राहायची की हे सोंग आहे आणि घरी जाऊन काढायचं आहे. आता आई "ताई" म्हणते आणि मी "ओ" देते. भावोजींची चौकशी करते, त्यांच्या कंबरेचं सांगते. तुझ्या घरात काय चाललंय ते मला पत्रातून कळतं, म्हणून बरं.

काल सकाळी फाटकावरून परत येत होतो. पुलाखाली वारा होता, तिनं माझा दंड घट्ट धरला होता. चालता चालता म्हणाली, "ताई, बारकी का येत नाही गं?"

मी म्हटलं, "येईल की."

"कधी येईल? तू येतेस, मावशी येतात, ती नवीन बाईसुद्धा येत होती. बारकी येत नाही. माझ्यावर रुसलीये ती." मग थांबली आणि मोजा घातलेला हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "तिनं लहानपणी एक मोजा शिवला होता माझ्यासाठी. मी तो सगळ्या बायकांसमोर उसवला. सवयच ती हाताची. तिला सांग, घरी ये म्हणावं. आता मी उलटून बघणार नाही."

ताई, मला तो मोजा आठवतसुद्धा नव्हता.

मी तिथेच पुलाखाली उभी राहिले आणि दोन्ही कानातली काढली. एक खाली पडलं. म्हटलं, "आई, अगं मी बारकी. मी कुठे गेलेच नव्हते. मी रोज इथेच आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलं टक लावून बघितलं, आणि मला क्षणभर वाटलं, आता ओळखेल. तिनं माझा दंड सोडला. दोन पावलं मागे सरली. मग तिनं उजव्या हातातला मोजा काढला, उलटा केला, आणि करंगळीपासून शिवण चाचपायला लागली.

मी चिखलात गुडघ्यांवर बसून ते पडलेलं कानातलं शोधलं. लोक बघत होते. सापडलं, पदराला पुसलं, दोन्ही घातली. "आई, चल," म्हटलं. ती म्हणाली, "कुठे होतीस गं ताई? ती बाई माझा हात धरत होती." आणि मोजा सरळ करून दिला तेव्हा मुकाट्यानं घातला. करंगळीचे दोन टाके गेले होते. ते मी काल शिवले. तिला दिसू नयेत म्हणून आतल्या बाजूनं शिवले, पण ती आत बघतच नाही.

आज फाटकावरून घरी आल्यावर तिनं मला पाटासमोर बसवलं, कागद दिला आणि म्हणाली, "बारकीला लिही. माझ्यासमोर लिही." म्हणून हे पत्र. ती आता बाजूला बसून बघतेय, मी लिहितेय की नाही. ती सांगते तसं लिहिते: बारकीला आईचे अनेक आशीर्वाद. थंडी फार आहे, कान झाकून ये. तुझं काहीही उसवणार नाही.

पत्र बारकीला आहे, ताई, पण पत्ता मी तुझाच घालतेय. दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर घालू, तूच सांग. आईनं विचारलं, "पोचेल ना तिला?" मी म्हटलं, पोचेल.

एवढं कर. तुझ्या अक्षरात, पण बारकी होऊन, उलट टपाली दोन ओळी पाठव, पत्र मिळालं, येतेय. मी ते रोज तिला वाचून दाखवीन. येतेय एवढंच लिही. कधी, ते लिहू नकोस.

तुझी, आईच्या शेजारी बसून आईची वाट बघणारी,
बारकी