एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

३ जून
आज कारखान्यात रुजू झाले. सुरक्षा सहायक. स्वतंत्र टेबल, पिवळं हेल्मेट, माझ्या नंबरचा बिल्ला. शेहेचाळिसाव्या वर्षी घरीच पुस्तकं वाचून परीक्षा दिली, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, आता कुठे डोक्यात शिरणार. शिरलं. वेल्डरने विचारलं, बाई, आता शिंकायलासुद्धा तुमची सही लागणार का. म्हटलं, दोन प्रतींत. सगळे हसले. हे इथेच कामाला होते. त्यांच्यासारखं आणखी कोणाचं होऊ नये, म्हणून मी आले.

४ जून
मोठी टाकी पाहिली. साफसफाईला आत उतरताना झाकणाजवळच्या फळीवर आपला बिल्ला अडकवायचा, वर आल्यावर काढायचा. बिल्ला असेपर्यंत झाकण लावायचं नाही. ज्याचा त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. परीक्षेत हाच प्रश्न आला होता. फळीवर एकच बिल्ला आहे, एक्केचाळीस. ह्यांचा. तीन वर्षांपूर्वी हे आत गुदमरून गेले. फोरमन म्हणाले, त्यांनी काढला नाही, मग आम्ही कसा काढणार. झाकण तेव्हापासून उघडंच.

५ जून
काढला. आठवण म्हणून घरी आणला, आरशाजवळच्या खिळ्याला लावला. नियम मला पाठ होता. तरी काढला.

६ जून
टाकीचं झाकण लावलं. दुपारी आतून तीन ठोके. तीन ठोके म्हणजे वर घ्या. उघडून पाहिलं, आत कोणी नाही. फोरमन म्हणाले, ऊन लागलं की पत्रा वाजतो. पण पत्रा मोजून वाजत नाही.

८ जून
कामावरून आले तर घरात ओल्या बुटांचे ठसे. दारापासून आरशापर्यंत. खिळा रिकामा. टाकीचा वास. घाबरायला हवं होतं. मी दोन कप चहा ठेवला.

९ जून
त्यांचा कप सकाळी रिकामा होता.
माझा बिल्ला पर्समध्ये नाही.

१० जून
फोरमनचा फोन. तुमचा बिल्ला फळीवर आहे, कधी उतरलात. म्हटलं, मी घरी आहे, स्वयंपाकघरात. ते म्हणाले, मग आवाज एवढा का घुमतोय—

भिंतीला हात लावला. हाताला गंज. कोपरा सापडत नाही—

तीन वेळा ठोकलं. वर पावलं. ह्यांचा आवाज, तोच, हळू. फोरमनना सांगतायत, बायकोचा आहे, आठवण म्हणून घरी नेतो—

अहो, हात लावू नका, ज्याचा त्यानेच