अण्णांचं ‘आम्ही’

अण्णा, हेब्बाळच्या पुढे आता घरं झाली आहेत. होतील, असं तुम्ही म्हणाला होतात तेव्हा आईनं पदरात हसू दाबलं होतं, कारण समोर नाचणीची शेतं होती, निलगिरीची झाडं होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आता त्याच बाजूला इमारती इतक्या उंच गेल्या आहेत की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली फोन करून विचारतो, पाऊस पडतोय का. त्यातल्या एका इमारतीत मी घरं विकते. म्हणजे विकणारे वेगळे आहेत, मोटारीतून येतात आणि जातात. मी दाखवते. नमुन्याचा फ्लॅट उघडायचा, दिवे लावायचे, पडदे सारायचे आणि आलेल्या माणसाच्या भाषेत बोलायचं. कन्नड, मराठी, हिंदी आणि गरजेपुरतं इंग्रजी. बंगळूरच्या चिकपेटेत वाढल्याचा एवढा उपयोग होईल असं तुम्हालाही वाटलं नसेल.

लोक इतक्या लांब का येतात, हे तुम्ही नक्की विचारलं असतं. तुम्हाला गिऱ्हाइकाच्या मनातलं काढून घ्यायची भारी हौस. आपल्या दुकानात साडीला फॉल मागायला आलेल्या बाईकडून कार्य कुणाकडे, मुलगी कुठं दिली, सगळं काढून मगच तागा खाली घ्यायचात. तर ऐका. कंपनीनं उत्तरं पाठ करून दिली आहेत. विमानतळ जवळ, मेट्रो येते आहे, मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं हाकेच्या अंतरावर, शाळा चांगल्या, आणि बाल्कनीतून तळं दिसतं. तळं दिसतं हे खरं, वरच्या मजल्यांवरून आणि मान जरा डावीकडे मोडली तर. आलेली माणसं हीच कारणं मलाच ऐकवतात आणि मीही पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावते. पण फ्लॅटमध्ये शिरल्यावर ती काय करतात ते मी रोज बघते. हॉलमधून भराभर पुढे जातात, स्वयंपाकघरात नळ सोडून बघतात, आणि शेवटच्या, सगळ्यात लहान खोलीच्या दारात थांबतात. तिथं आवाज खाली येतो. ‘ही आईची’ असं कुणी म्हणतं. ‘ही बाळाची,’ असं एक जोडपं म्हणालं, बाळाचा अजून पत्ता नव्हता. व्हाइटफील्डहून आलेला एकजण, ज्याचं निम्मं आयुष्य ऑफिसच्या कॅबमध्ये चाललं होतं, त्या खोलीचं दार आतून लावून उघडून बघत राहिला. निपाणीकडचा एक मुलगा म्हणाला, “आई गाव सोडून यायची न्हाई, मॅडम. पण खोली असू दे की.” शहरात ज्या किमतीत दोन खोल्यांत कोंबून घ्यावं लागतं, त्याच किमतीत इकडे एक खोली जास्त मिळते. विमानतळ, मेट्रो आणि तळं सगळं त्या एका खोलीसाठी असतं. कुणासाठी तरी जागा केली, असं त्यांना वाटायला हवं असतं.

आपल्याकडे ती खोली नव्हती. दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत आईची चूल, आणि खिडकीतून समोरच्या साडीच्या दुकानाच्या पाटीची मागची, गंजलेली बाजू. उन्हाळ्यात तुम्ही आणि दादा खाली अस्तराच्या ताग्यांवर झोपायचात. मी मोठी व्हायला लागले तेव्हा आईनं न विकलेल्या फॉलच्या पट्ट्या जोडून एक पडदा शिवला, दहा रंगांचा, आणि माझ्या अंथरुणापुढे दोरीवर टाकला. मला तो फार आवडायचा. मग पुण्याची आत्या आली, तिनं पडदा बघितला आणि रात्री तुमच्याशी काहीतरी बोलली. मला पुण्याला पाठवायचं ठरलं. शिक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. शिक्षण चिकपेटेच्या शेजारीही होत होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण बसमध्ये बसवताना तुम्ही माझ्या हातात पेरू दिलेत आणि म्हणालात, “स्वल्प दिवस ग. सरी?” मी सरी म्हणाले. सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडे, हे सबंध बंगळूर शहराला कळतं. त्या थोड्यांत माझी उरलेली सगळी शाळा आणि वर कॉलेज बसलं.

पुण्यात पहिल्याच संध्याकाळी मी आत्याच्या मुलींना म्हणाले, “आम्ही खेळू या का?” त्या म्हणाल्या, “खेळा की! आम्ही कुठं नको म्हटलं?” आणि लोळून लोळून हसल्या. मला काही कळेना. आत्यानं मला बाजूला घेतलं. तीही तुमचीच बहीण, आपल्याच गल्लीत वाढलेली, पण लग्नानंतर तिनं आपली भाषा घासूनपुसून लख्ख करून घेतली होती. ती म्हणाली, “हे बघ, समोरच्याला आपल्यात धरायचं असलं तर ‘आपण’ म्हणायचं. त्याला सोडून असलं तर ‘आम्ही’. तिकडे कानडीत दोन्हींना एकच ‘नावु’, म्हणून तुम्ही सगळ्याला ‘आम्ही’ म्हणता. पुन्हा म्हणू नकोस, लोक हसतात.” मी पुन्हा म्हटलं नाही. महिनाभर बोलायच्या आधी मनात जुळवून बघायची, मग तेही करावं लागेना. एकटं पडलेलं पोर भाषा लवकर शिकतं, अण्णा. त्याला दुसरा इलाज नसतो.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. माझं कॉलेज संपत आलं होतं. आत्याकडे माझ्या लग्नाचं बोलणं निघू लागलं होतं आणि मी सुट्टीला घरी आले होते. तुम्ही दुकान बंद ठेवलंत, गौरी-गणपतीलासुद्धा अर्धं शटर उघडं ठेवणारे तुम्ही, आणि आपण चौघं बसनं हेब्बाळच्या पुढे साइट बघायला गेलो. (पुण्यात प्लॉट म्हणतात. मी तेव्हा तुम्हाला दुरुस्तही केलं होतं.) चार कोपऱ्यांना चुना लावलेले दगड, मध्ये काटेरी झुडपं. आईनं चित्रान्नाचा डबा दगडावर ठेवला. तुम्ही हद्दीबाहेर चपला काढल्यात आणि अनवाणी आत गेलात, मला अजून दिसतं, तापलेल्या मातीवर पाय आखडत चालताय आणि चेहरा मात्र एखाद्या पाटलासारखा. तुम्ही मला हाक मारता. दादाला नाही, आईला नाही, मला. “बा ग इकडं. नोडु, बघ, सकाळचं ऊन इकडनं येतंय. इथं आम्ही राहू. मागं लिंबू लावू. आणि ह्या कोपऱ्यात एक खोली वाढवू.” मी तिथं उभी आहे, तुमच्यापासून हातभर अंतरावर, आणि मला ऐकू येतं की तुम्ही राहणार, आई राहणार, दादा राहणार. खोली वाढवणार ती दादाच्या बायकोसाठी. मी म्हटलं, “छान आहे, अण्णा. राहा तुम्ही.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग “सरी” म्हणालात आणि चपला घालायला गेलात. लिंबाबद्दल पुन्हा बोलला नाहीत. चित्रान्न खाताना आई एकटीच बोलत होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आत्यानं आणलेल्या स्थळाला मी लगेच होकार दिला, आईला नवल वाटलं. ती साइट आईच्या आजारपणात गेली, एक वीट रचली गेली नाही तिथं. मग आई गेली, मग तुम्ही. माझा संसार बरा झाला, मूल झालं नाही, माणूस चांगला होता, तोही गेला. पुण्याच्या घरात भिंतींशी बोलायची वेळ आली तेव्हा इथली नोकरी दिसली आणि मी परत आले. विकल्या न गेलेल्या फ्लॅटपैकी एका खोलीचा एक मला भाड्यानं दिला आहे. दिवसभर मी लोकांना सांगते की इथं शेजार फार छान आहे. माझ्या शेजाऱ्यांचं दार मी दोनदा उघडं बघितलं, एकदा पार्सल घेताना आणि एकदा ते सोडून गेले तेव्हा.

हे सगळं आज लिहिते आहे ते परवाच्या एका गिऱ्हाइकामुळे. पेटेतली जुनी मराठी माणसं इकडे फारशी येत नाहीत. येतात ते पुण्या-मुंबईचे, नाहीतर उत्तरेकडचे. परवा एक म्हातारे गृहस्थ आले, धोतर, कपाळाला गंध, आणि बरोबर त्यांची मुलगी, इथल्याच एका कंपनीत काम करणारी. आई नुकतीच वारली, असं तिनं लिफ्टमध्ये मला हळूच सांगितलं. दोघंच आहेत घरात, आता अप्पांना एकटं दुकानाच्या माडीवर ठेववत नाही. म्हातारबुवा तोंड वाकडं करूनच आले होते. हॉल बघून म्हणाले, “एवढं मोठं कशाला? क्रिकेट खेळायचं काय?” तळं दाखवलं तर म्हणाले, “डास असणार.” मला ते आवडायला लागले. मग लहान खोलीच्या दारात, जिथं सगळे थांबतात तिथं, तेही थांबले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सरी ग. इथं आम्ही राहू.”

मला वाटलं, आता या पोरीचा चेहरा पडणार. ती म्हणाली, “राहू या, अप्पा. स्वल्प लांब पडेल तुमच्या मित्रांना, पण राहू या.” आणि ते म्हणाले, “आम्ही दोघं राहू. बास झालं.” दोघं. त्या घरात दोघंच होती, ते आणि ती. दुसरं कुणी नव्हतंच ज्याला घेऊन तिला वगळावं.

मी त्यांना म्हटलं, बाल्कनी बघून या, आणि स्वयंपाकघरात जाऊन नमुन्याच्या ओट्याला धरून उभी राहिले. त्या ओट्यावर प्लास्टिकची सफरचंदं ठेवलेली असतात. मला एकदम तुमचा आवाज आला, जिन्याच्या खालून, दुकान बंद करून वर येताना. “बा ग, आम्ही जेवू या.” रोज, अण्णा. मी आत आहे, पानं मी मांडली आहेत, तुम्ही मलाच बोलावताय, माझ्याशेजारीच बसताय आणि म्हणताय, आम्ही जेवू. मी कधी तरी असं म्हटलं होतं का की जेवा तुम्ही? लहानपणी मला हे न शिकवता कळत होतं. ते पुण्यात माझ्याकडून काढून घेतलं गेलं आणि मला वाटलं मी हुशार झाले.

म्हणजे त्या तापलेल्या मातीवर तुम्ही मला सांगत होतात की मी इथं राहीन. वाढवायची खोली होती ती पडद्यामागे झोपणाऱ्या मुलीची. तुम्ही मला परत बोलवत होतात. आणि मी, स्वच्छ पुणेरी मराठीत, तुम्हाला म्हटलं की राहा तुम्ही. तुम्हाला काय ऐकू गेलं असेल ते मला आता ऐकू येतं. मला राग येतो, आत्याचा येतो, तुमचाही येतो. एकदा विचारायचंत ना, का ग, तू नाहीस का. गिऱ्हाइकाच्या सुनेचीसुद्धा चौकशी सोडायचा नाहीत तुम्ही, आणि मला एक प्रश्न विचारला नाहीत. सरी म्हणून मोकळे झालात. मीही तशीच. तुमच्यावरच गेले.

पण हेही माझं मीच ठरवून लिहिते आहे. त्या अप्पांच्या ‘आम्ही’त त्यांची मुलगी होती म्हणून तुमच्या ‘आम्ही’त मी होतेच, असं कुठं आहे? खोली कदाचित खरंच दादाच्या बायकोसाठी असेल. कदाचित तुम्ही सरी म्हणालात ते ऊन लागत होतं म्हणून. परत येताना बसमध्ये मी आणि आई पुढे बायकांच्या जागेवर बसलो होतो, तुम्ही आणि दादा मागे. मी एकदा वळून बघितलं तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून त्याला काहीतरी सांगत होतात आणि तो माझ्याकडे बघत होता. काय सांगत होतात ते त्याला आठवत असणार, दादा काही विसरत नाही. तो आता म्हैसूरला असतो. दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. काल रविवार होता. परवापासून तोच प्रश्न ओठांवर घेऊन बसले होते मी. फोन आला, त्यानं विचारलं, काय विशेष. मी त्याला सांगितलं की आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली आहे. लिफ्ट चांगली चालू आहे, अण्णा.