एका पायाचं तेल

बाई,

आज मी एका मुलीला वर्गाबाहेर काढलं. दिग्रसची आहे, हात गोड आहे तिचा. सरावासाठी आलेल्या एका बाईंची पोटरी सुजली होती, एकाच पायाची, गरम लागत होती, आणि ही काही न विचारता तेल घेऊन सुरू झाली. मी तिची दोन्ही मनगटं धरून वर उचलली आणि म्हटलं, पायरीवर जाऊन बस. ती रडत गेली. अशा पायात रक्ताची गाठ असू शकते म्हणून त्या बाईंना रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवलं, हात धुतले, आणि हात धुता धुता लक्षात आलं की मनगटं उचलायची ही तऱ्हा माझी नाही, तुमची आहे. शब्दसुद्धा तुमचेच बाहेर पडले. बाकीच्या मुली भेदरून भिंतीला चिकटल्या होत्या. त्यांना जेवायला सोडलं आणि मी इथं लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की यातल्या एकीनंही तुम्हाला पाहिलेलं नाही. त्यांना वाटतं, मी मुळातच खडूस आहे.

तुमची ती यवतमाळची जागा, घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. पुढच्या दारानं कचेरीतली माणसं यायची, तुमचं सगळं घराणंच कचेरीतलं, आणि आम्ही बायका मागच्या बोळातून आत शिरायचो. इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या विभागात उभी हयात काढून तुम्ही हा वर्ग उघडला होता. साडीची निरी हलायची नाही तुमची, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप पाठ ताठ करावी. मी घाटंजीकडच्या खेड्यातून यायची. ती वर्षं तुम्हाला आठवत असतील, कापसाच्या पऱ्हाटीनं सगळ्यांकडेच पाठ फिरवली होती आणि घराघरातलं कोणीतरी एक जण दुसरं काहीतरी शिकायला निघालं होतं. कोणी शिवण, कोणी ड्रायव्हरी. मी मालिश शिकते म्हटल्यावर आमच्याकडे बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पण मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण माझ्या मायचा हात गावात नावाजलेला. बाळंतीण तिच्याकडे, लचक तिच्याकडे, आणि गावातली निम्मी माणसं तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून न्हाली आहेत. तो हात माझ्यात उतरला आहे, आता फक्त सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं, अशा तोऱ्यात मी आले होते.

पहिला वर्ग मी हसत काढला. मग तुमचा पुढचा, मोठा वर्ग सुरू झाला आणि माझं बिनसलं. तिथं तुम्ही दाबायचं कसं हे फार कमी सांगायचात, हात कुठं लावायचा नाही हेच जास्त. माणूस खाटेवर आडवा होण्याआधी त्याला विचारायचं: ताप आहे का, कुठं सूज आहे का, रक्तदाब, शुगर, बाई असेल तर दिवस गेलेत का. आणि सगळ्यात शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न. आज फवारणी केली का, किंवा करणाऱ्याचे कपडे धुतले का. शहरातल्या मुलींना त्याचं हसू यायचं. तुम्ही म्हणालात, मी या जिल्ह्यात शिकवते, इथलंच विचारणार. कातडीवर विष असेल तर तेल लावून चोळणं म्हणजे ते हातानं आत ढकलणं, हेही तुम्ही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मला वाटायचं, शेतातलं हिनं काय सांगावं मला, मी शेतातच वाढले.

आणि मग तो दिवस. कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल आला होता, कंबर धरून. मी त्याला पालथा घातला, चादर नीट केली आणि अंगठे लावले. काही विचारलं नाही. अंगठ्यालाच कळतं सगळं, असं माझं त्या वेळचं मत. तुम्ही मागून आलात, माझी मनगटं धरलीत आणि उचललीत. "हात चांगला आहे तुझा," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुझी भीती वाटते. बाहेर बस." त्या हमालासमोर. तो बिचारा मान वळवून माझ्याकडे बघत होता. मी पायरीवर बसले नाही, बाई. चपला घातल्या आणि तडक बसस्टँड गाठलं. रागानं माझे कान तापले होते. असल्या पुस्तकी बाईकडे पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवूनच मी घरी गेले. मायला भलताच आनंद झाला. हात का कोणी तोंडानं शिकवत असते, असं ती चार जणींना सांगत सुटली.

त्याला दोन-तीन दिवस झाले असतील. दुपार कलली होती, बाबा बाजाराला गेले होते. माझा लहान भाऊ अंगणात आला आणि ओट्यावर बसला नाही, पडला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन राह्यले म्हणाला, डोकं गरगरते. तो सकाळपासून कुठं होता ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मायनं पाहिलं, पोरगा उन्हातून आला, घामानं निथळला आहे. तिनं चुलीवर तिळाचं तेल कोमट केलं, वाटी घेऊन त्याच्या पायाशी बसली आणि एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोळायला लागली. मला म्हणाली, दुसरा तू धर, एवढी शिकून आली ना. मलाही तेच हवं होतं. मी वाटीत बोटं बुडवली. ती बोटं मला अजून दिसतात. पण आधी कोरड्या हातानं पोटरी धरली, आणि हाताखाली ते मांस आपोआप उडत होतं, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तसं. असं मांस मी कधी धरलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

आणि तुमचा तो प्रश्न, ज्याला मी मनातून नाक मुरडलं होतं, तो माझ्या तोंडून निघाला. आज फवारणी केली का?

"हाव," तो म्हणाला. "काकाच्या वावरात. पंप गळून राह्यला होता पाठीवर."

मी मायला म्हटलं, हात काढ. तिनं ऐकलं नाही. पोराचे पाय वळून राह्यले अन् तू पंचाइती करून राह्यली, म्हणाली, आणि तिचा हात चालूच. त्या हाताला थांबायची सवयच नव्हती, बाई, तो आयुष्यभर बरं करत आलेला. मी पुन्हा सांगितलं. मग मी तिला ढकललं. दोन्ही हातांनी, खांद्याला धरून. ती कुशीवर पडली, वाटी उलटली आणि तेल ओट्यावरून खाली ओघळलं. शेजारच्या बायका धावल्या, त्यांनी एवढंच पाहिलं की शिकलेल्या पोरीनं मायवर हात टाकला. मी कोणाला काही समजावत बसले नाही. भावाला बगलेत धरून न्हाणीत ओढलं, शर्ट फाडून दूर फेकला, साबण घेतला आणि पाणी ओतत राहिले. पाठ, मान, केस, तेल लागलेला तो पाय पुन्हा पुन्हा. तो थंडीनं कुडकुडल्यासारखा हलत होता, मग ओकला. मायलाही कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तिनं धुतले, पण माझ्याकडे बघितलं नाही. एका शेजाऱ्याची काळीपिवळी जीप होती, तीत भावाला घातलं. घाटंजीपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि मी त्याचा श्वास ऐकत होते. मध्येच तो घरघरायचा, मध्येच काही ऐकूच यायचं नाही.

घाटंजीला पहिली इंजेक्शनं दिली आणि यवतमाळला पाठवलं. तिथं वॉर्डात त्याच्यासारखे आणखी होते, तेच विष अंगात भिनलेले, त्याच कामावरून आलेले. औषधानं तो बरळायला लागला म्हणून त्याचे हात खाटेला पट्टीनं बांधून ठेवले. कधी मला ओळखायचा, कधी पऱ्हाटीत उभा असल्यासारखा बडबडायचा. जगेल की नाही हे कोणी छातीठोक सांगेना. माय बाहेर व्हरांड्यात जमिनीवर बसून होती. तिनं दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, "खरं सांग वं. माह्या हातानं गेला असता का तो?"

त्याचं उत्तर मी शेवटी लिहीन. आधी तुमचं.

त्यानं डोळे नीट उघडून पाणी मागितलं त्या सकाळी माझा जीव भांड्यात पडला आणि मी तुमच्याकडे आले. मागच्या बोळातून. तुम्ही दारात उभ्या राहून सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवाल. निदान आत ये म्हणाल. तुम्ही विचारलंत, त्याचे केस धुतलेस? धुतले. कानामागे? धुतलं. नखं? मी माझ्या बोटांकडे पाहिलं. "नखं राहिली," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वेळी नखं." मला तेव्हा तुमचा इतका संताप आला, आणि त्याच वेळी मला रडू फुटलं, आणि तुम्ही मला रडू दिलंत. मग विचारलंत, तेल किती लागलं होतं. एका पायाला, मी म्हटलं. त्यानं किती फरक पडला असेल ते कोणालाच सांगता येणार नाही, तुम्ही म्हणालात, थोडा पडला असेल, नसेलही. पण आईला हे सांगायला हवं, तिचा हात गावभर फिरतो. माणसाला वाईट वाटेल म्हणून खरं लपवणारी आपल्या कामाची नाही. सांगितलंस का?

सांगितलं, मी म्हटलं. तुम्ही बाजूला झालात आणि मी आत आले.

वर्ग संपला त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर सर्टिफिकेट दिलंत, आणि सगळ्या गेल्यावर पेपरात गुंडाळलेला एक नखं घासायचा ब्रश माझ्या हातात ठेवलात. तसाच ब्रश आज माझ्या वर्गात बेसिनला टांगलेला असतो, झिजला की मी नवा आणते. मुलींना वाटतं, हा माझा स्वच्छतेचा सोस. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या घरी आले होते मी, त्या दिवशी पुढच्या दारानं. पांढऱ्या चादरीबाहेर तुमचे हात दिसत होते आणि त्यांना कोणीतरी तूप चोळत होतं. मला ओरडावंसं वाटलं की आधी विचारा.

आता मायचं. त्या व्हरांड्यात मी तिच्या तळव्यांकडे पाहिलं. त्या हातांनी भावाला जन्मल्या दिवशी तेल लावलं होतं, मलाही. मी म्हटलं, "नाही वं माय. तेलानं काही होत नसते. मीच घाबरली, उगाच ढकललं तुले." तिनं एक लांब श्वास सोडला आणि तळवे पालथे केले. झालं. तेव्हापासून ती जिथं बसेल तिथं सांगते, पोरगी शिकली अन् मायले पाडलं तिनं, तेही बिनकामाचं. मी तिथंच बसलेली असते, सुपारी कातरत. घरी मी एक नेम मात्र लावला. शेतातून आलेल्यानं आधी साबणानं न्हायचं, मगच तेलाची वाटी निघेल. कारण विचारलं तर सांगितलं, मला फवारणीच्या औषधाचा वास सोसत नाही, ओकारी येते. मायनं लय नखरे आहेत तुहे म्हणत तो पाळला, आणि गावातल्या बायकांनाही पाळायला लावला. पोरीच्या नाकापायी, असं म्हणून. त्यानंतर तिच्या हाताखाली न्हाल्याशिवाय कोणी आलेलं नाही.

म्हणजे खरं मी तिला सांगितलं नाही, बाई, आणि सांगितलं असं तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही असता तर माझी मनगटं पुन्हा उचलली असतीत. उचला. भावाला यंदा मुलगी झाली. आज पहाटे निघताना माय तिला पायांवर घेऊन बसली होती, ती इवलीशी पाठ तेलानं चमकत होती, आणि माय मला म्हणाली, किती शिकली तू, पण माह्यासारखा हात नाही तुहा. मी म्हटलं, हाव.

ती दिग्रसची मुलगी अजून पायरीवर बसली आहे. पळून गेली नाही, माझ्यापेक्षा बरी म्हणायची. आता तिला आत बोलावते.