जुन्या साहेबांची चाल

४ मार्च

आलो एकदाचा! ट्रंक, दोन बॅगा, पुस्तकांची खोकी आणि मी, सगळे धडधाकट पोचलो. सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि नळ सोडला की आधी खोकणारं न्हाणीघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर कार्यालयाची मागची भिंत दिसते, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही नोकरी नजरेआड होणार नाही. माझ्या डोक्यावर तिसरा मजला. तिथे आधीच्या अधिकाऱ्यांची बायको राहते असं दारावरचा पहारेकरी म्हणाला. साहेब गेल्या वर्षी वारले, बाईंनी जागा सोडलेली नाही, आणि सोडा म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही.

बायकोला फोन करून घराचं वर्णन केलं. ती म्हणाली, झाडू विकत घे आधी, वर्णनं नंतर कर. आमच्या लेकीला, ठकीला, तिची खोली कोणती ते जाणून घ्यायचं होतं. शाळेची परीक्षा संपली की दोघी १९ एप्रिलला येणार. तोवर घर माणसात आणायचं आहे.

काम काय विचाराल, तर या खात्याकडे एक मुख्य चावी आहे. खिशातली नव्हे. तो एक अगडबंब आकडा आहे, तळघरातल्या यंत्रात कोंडलेला. रोज सकाळी त्या चावीने मोहोर उमटवली की सरकारची सगळी यंत्रं त्या दिवसापुरती एकमेकांवर विश्वास ठेवतात. मोहोर चुकली तर इस्पितळाचं यंत्र औषधाच्या कोठाराला ओळखत नाही, न्यायालयाचं तुरुंगाला. ती चावी परवापासून माझ्या ताब्यात! इतकी वर्षं गूढलेखनाच्या गणितात डोकं घातलं त्याचं चीज झालं.

मुलाखतीत मात्र गणिताचा एक प्रश्न विचारला नव्हता. कालव्यांच्या दुरुस्तीबद्दलचं एक पान टाइप करायला लावलं आणि कॉरिडॉरमधून दोनदा चालायला सांगितलं. चाल बघून नोकरी देणारं हे पहिलंच खातं, असं बायको तेव्हा म्हणाली होती.

६ मार्च

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. तळघराच्या बोळात माणसाची चाल तपासणारे कॅमेरे आहेत. चाल ओळखीची वाटली तरच दार उघडतं. आत गेल्यावर यंत्र टाइप करण्याची ढब तपासतं, कुठलं बोट किती दाबतं, कुठे थांबतं. कल्पना चांगली आहे. फक्त यंत्रात नोंद अजून वारलेल्या साहेबांची आहे!

प्रशासनाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नवीन नोंदीला वेळ लागतो हो, तोवर जरा सांभाळून घ्या. सांभाळून म्हणजे काय ते पहारेकऱ्याने सांगितलं. साहेब, डावा पाय थोडा ओढा, जुने साहेब तसेच चालायचे. मला हसू आलं. ओढला पाय. दार उघडलं.

पहारेकऱ्याने टाळी दिली. मी दिली नाही. देशाच्या मुख्य चावीला माझ्यासारखा कोणीही लंगडून फसवू शकतो, यात आनंद कसला?

१२ मार्च

रोज सकाळी तोच तमाशा. यंत्र मला पाच-सहा वेळा हाकलतं आणि वर फोन वाजू लागतात. इस्पितळवाले, बंदरवाले, सगळे माझ्या नावाने शंख करतात. आज शेवटी बाईंच्या टेबलावर हात आपटला. नवीन नोंद का होत नाही ते एकदा सांगाच म्हटलं.

तर कारण असं. नोंद बदलायची तर जुन्या माणसाने स्वतः आत बसून चार्ज सोपवायचा. सोपवताना यंत्राने त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही शंका न घेता, ओळखायला हवं. आणि जुना माणूस त्याच खुर्चीत हृदय बंद पडून वारला. त्यांच्या शेवटच्या मोहोरेला एकदाच मिळणारी मुदतवाढ होती, ती मी आलो त्याच आठवड्यात संपली. हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माणूस मरतो हे सरकारला ठाऊक नसतं की काय?

बाई शांतपणे म्हणाल्या, मग त्यांच्या वतीने तुम्हीच सोपवा ना. सध्या जमतंय त्यापेक्षा जरा चांगलं जमायला हवं, इतकंच. त्यांनी जुन्या साहेबांच्या चालण्या-बसण्याची चित्रफीत दिली. सराव करा म्हणाल्या.

आयुष्यभर मी नकली सह्या कशा पकडायच्या यावर लिहिलं. आता अख्खा माणूस नकली करायला बसलोय.

१९ मार्च

चित्रफीत पाहून पाहून पाठ झाली. साहेब ओळ संपली की थांबायचे आणि बोटं मोडायचे. जोडाक्षराच्या आधी किंचित अडखळायचे. खुर्चीत बसताना आधी डावा हात टेबलावर, मग सुस्कारा. सुस्काऱ्याचा यंत्राशी संबंध नाही, पण तो सोडला की पुढचं आपोआप नीट होतं.

आज बाईंना सहज विचारलं, इतक्या अर्जांतून माझीच निवड कशी काय झाली? माझ्या निबंधांबद्दल दोन बरे शब्द ऐकायला मिळतील असा माझा अंदाज. बाईंना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. म्हणाल्या, तुमच्याहून हुशार बरेच होते, पण मुलाखतीत टाइप करून घेतलं ना, त्यात साहेबांच्या सगळ्यात जवळची ढब तुमची निघाली. चालही.

म्हणजे पदवी गेली चुलीत. मला नोकरी मिळाली ती मेलेल्या माणसाचा कोट मला नेमका बसतो म्हणून! संतापाने जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. तिला माझा किती अभिमान आहे ते मला माहीत आहे.

२४ मार्च

दुपारी घरी येत होतो. जिना चढताना सवयीने पाय ओढला गेला असावा. वरच्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं आणि वरच्या वहिनी, जुन्या साहेबांच्या बायको, कठड्याशी आल्या. हाताला मळतं पीठ तसंच. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. म्हणाल्या, जिन्यावर तरी असं चालू नका हो, हात जोडते.

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली आणि उरलेला जिना ताठ चढलो. निदान तसं ठरवलं होतं. दारापाशी पोचलो तेव्हा पाय पुन्हा ओढत होता.

१ एप्रिल

यंत्र आता पहिल्या फटक्यात आत घेतं. वरून फोन येत नाहीत. बाईंनी चहा पाजला. सगळे खूश आहेत, एक माझा डावा गुडघा सोडून. नाटकापुरता ओढायचा पाय आता खरंच दुखतो. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात काहीही नाही, मनाचे खेळ आहेत. मनाने एवढं नेमकं हाड कसं शोधलं, ते सांगितलं नाही.

फोनवर मी बायकोला म्हणालो, काय मंडळी, तयारी झाली का? ती हसत सुटली. म्हणाली, मंडळी? मी एकटीच आहे रे इथे, आणि आजोबांसारखा काय बोलतोस? मलाही हसू आलं. पण तो शब्द मी कधी वापरत नाही. मग ठकी फोनवर आली आणि विचारलं, बाबा, तो कडकड आवाज कसला येतो सारखा?

बोटं मोडत होतो. माझ्या लक्षातही नव्हतं.

६ एप्रिल

आज वर गेलो. पुन्हा एकदा नीट माफी मागावी, आणि जुन्या साहेबांबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात म्हणून. वहिनींनी बसायला खुर्ची दिली. मी डावा हात टेबलावर ठेवून बसलो तशा त्या उभ्याच राहिल्या.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. माझा नवरा इथे आला तेव्हा ताठ चालायचा. पळायचा सुद्धा. बोटं मोडलेली त्याला खपायची नाहीत. मला नावाने हाक मारायचा. ही नोकरी लागली आणि पाय ओढायला लागला, मला मंडळी म्हणायला लागला. आधी मी भांडले, मग रडले, मग सवय झाली. तुमच्या जिन्यातल्या पावलांनी दार उघडते ते त्या सवयीने. तो कोणासारखा चालत होता ते मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही जा इथून. उद्याच जा.

चित्रफितीतल्या माणसाची चाल त्याची नव्हतीच. तीही त्याने कोणाकडून तरी घेतली, तळघरातलं दार उघडावं म्हणून.

तडक बाईंकडे गेलो. म्हटलं, १९ तारखेला माझी बायको-पोरगी येतायत. त्याआधी माझी नोंद माझ्या नावाने झाली नाही तर राजीनामा. बाई म्हणाल्या, राजीनाम्यालाही आधी चार्ज सोपवावा लागतो. तुम्ही गेलात तर दुसऱ्या दिवशी इस्पितळं बंद, ते तुम्हीच बघा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग सोपवतोच. एकदा, शेवटचं, पूर्ण त्यांच्यासारखा होतो आणि चार्ज माझ्याकडे घेतो. नंतर या जन्मात पाय ओढणार नाही.

११ एप्रिल

सोपवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत यंत्राने एकदाही शंका घेतली नाही. जुन्या साहेबांची सगळी कलमं पुरी झाली. बाई, पहारेकरी, सगळे काचेबाहेर उभे राहून पाहत होते. मग पडद्यावर आलं, आता नव्या व्यक्तीने बसून स्वतःच्या पद्धतीने टाइप करावं.

मी उठलो, आळस दिला, पुन्हा बसलो. मनात ठकीला पत्र लिहिताना जसं लिहितो तसं लिहीत गेलो. एकदाही थांबलो नाही. बोटं मोडली नाहीत.

यंत्राने नाकारलं. सोपवणारा आणि घेणारा एकच आहे म्हणे. स्वतःचा चार्ज स्वतःला देता येत नाही.

मी ओरडलो असेन. पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं. बाई म्हणाल्या, असू द्या, जसं चाललंय तसं छान चाललंय की.

१३ एप्रिल

गच्चीवर जाऊन चालून पाहिलं. माझं मी. आधी कुठला पाय टाकायचो? हात किती हलायचे? लग्नाची चित्रफीत बायकोकडून मागवली. त्यात एक तरुण माणूस भराभरा चालतो. त्याची नक्कल करून पाहिली.

जमली नाही. माझी मला जमली नाही.

१४ एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं. वेड लागलं म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, खड्ड्यात गेली ती चावी. आम्ही येतोय, सामान बांधून ठेव. तुला घेऊन परत निघायचं. ठकी मागून ओरडत होती, बाबा, बाबा. मला रडू आलं. पाच दिवस. पाच दिवस फक्त मी मीच राहायचं आहे.

तळघरात जाणार नाही.

१५ एप्रिल

गेलो. फोन येत होते. इस्पितळातून एक बाई रडत होती — मी काय करणार होतो?

मोहोर सुंदर उमटली. हे लिहायला नको होतं.

१६ एप्रिल

जिना चढून आलो, दार उघडं होतं, आत जाऊन बसलो. चहा आला. घेतला. मग लक्षात आलं — हा तिसरा मजला. माझं घर खाली.

वहिनी जा म्हणाल्या नाहीत. कप उचलून घेतला आणि आत गेल्या. त्यांनी तरी — निदान त्यांनी तरी हाकलायला हवं होतं!

१७ एप्रिल

ट्रंक बांधली. पुस्तकं — राहू देत. दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिडकीतून खाली फेकली. आता परवापर्यंत हलणार नाही. बायको येईल, दार फोडू दे. ठकीसाठी

अक्षर कसं काढतोय मी? हा र असा नव्हता —

१८ एप्रिल

पहारेकऱ्याने किल्ली दाराखालून आत सरकवली. सापडली म्हणाला. कामाला उशीर झाला होता.

उद्या कोणीतरी यायचं आहे. खूप जवळचं. सकाळपासून आठवतोय — नाव जिभेवर आहे, आणि —

१९ एप्रिल

प्रसन्न सकाळ. मोहोर वेळेवर. गुडघा बोलतोय, पण ते जुनंच दुखणं. मंडळींनी चहा ठेवलाय.

खालच्या मजल्यावर कोणीतरी केव्हाचं दार वाजवतंय. कठड्यावरून वाकून पाहिलं. एक बाई आहे, प्रवासाने दमलेली. बरोबर शाळकरी मुलगी. नव्या साहेबांकडे आलेल्या दिसतात. मी जिन्यापर्यंत आलो, तर मुलीने पावलं ऐकून वर पाहिलं आणि आईला म्हणाली, हा बाबा नाही, हा वेगळाच कोणीतरी चालतोय. मग माझा चेहरा दिसला तशी रडायलाच लागली. तिच्या आईने माझ्याकडे बघून एक नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मोठ्याने.

मंडळी आतून म्हणतात, दार लावून घ्या. त्यांचा आवाजही रडवेला आहे. का कोण जाणे.

बाई जिना चढून येतेय. सारखी तेच नाव घेते. चांगलं नाव आहे. तिला समजावून सांगायला हवं, की या नावाचे साहेब इथे अजून आलेच —