धाकटीला नवा रंग

४ मार्च
आजपासून रोजनिशी. लढाई संपल्यावर लोक आठवणी लिहा म्हणून मागे लागतील, तेव्हा शोधाशोध नको. नोंद : आपल्या आरमारात मिसाईलवाल्या जहाजांचा हा एकच क्लास. एकाच नकाशावरून बांधलेली तीन जहाजं. खलाशी त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणतात. मधलीचे कॅप्टन आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. धाकटी माझ्याकडे. ताईला वाटतं, धाकटी म्हणजे कमी. जहाजांत वय बघत नाहीत हे तिला कोण सांगणार!
संकल्प : चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. आमची मिसाईलं डेकखाली उभी असतात. वरचं झाकण उघडलं की सुटतात. मिसाईल ऑफिसर, म्हणजे आमचा चष्मिस, रोज सकाळी सगळी झाकणं उघडतो, कडांना ग्रीस चोपडतो, परत मिटतो. नुसती ठणाठण, आणि जिकडेतिकडे डाग. परवा ॲडमिरलचं इन्स्पेक्शन! सगळ्या डेकला रंगाचे तीन हात द्या म्हणालो. चष्मिस म्हणाला, सर, झाकणांच्या कडा तेवढ्या सोडू या. म्हटलं, अर्धी दाढी करून कोणी फोटोला बसतं का? ब्रश आणायला गेला. पॉइंट माझा.

७ मार्च
इन्स्पेक्शन फक्कड. ॲडमिरल म्हणाले, चकचकीत आहे. एवढंच म्हणाले, पण मोठी माणसं मोजकंच बोलतात. त्यांच्या बाहीला रंग लागला. हसले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. रंग पक्का होईपर्यंत झाकणं उघडायला बंदी. चष्मिस पुन्हा कुरकुरला. केबिनमध्ये डांबीन म्हणालो. (रागाने नाही, शिस्त म्हणून.)

११ मार्च, सकाळ
थोरली गेली. शत्रूचं मिसाईल थेट ब्रिजमध्ये, म्हणजे कॅप्टन उभा असतो तिथेच, घुसलं. आम्ही माणसं उचलायला गेलो. पाण्यावर तेल पेटलेलं, त्यातून पोहत येत होती बिचारी. एकाचा हात धरून ओढला तर हाताची कातडी माझ्या मुठीत आली आणि माणूस खाली गेला. मला उलटी झाली. बोट लागली असेल. वर आले त्यांना डेकवर झोपवलं. बरेच तिथेच संपले. रक्ताने नवा रंग खराब होतोय असं मनात आलं, पण बोललो नाही. थोरलीचे कॅप्टन बेसावध राहिले, असं माझं स्पष्ट मत.

११ मार्च, दुपार
हुकूम आला! उद्या मधली शत्रूच्या बंदरावर मारा करणार. तिच्यावर येणारं मिसाईल हवेतच पाडायला शेजारी धाकटी. म्हणजे मी! इन्स्पेक्शन कामी आलं तर. भावोजी रेडिओवर म्हणाले, सांभाळ रे बाबा, माझं लक्ष तिकडे नसणार. म्हटलं, भावोजी, खुशाल डोळे मिटून मारा करा.
चष्मिस आला. झाकणं एकदा उघडून बघू म्हणतो. आत्ताच डेक धुतलाय, वाळू दे की! उद्या उघडायचीच आहेत.

१२ मार्च
शिस्त म्हणजे शिस्त, म्हणून लिहितोय. मधलीने मारा केला, बंदर पेटलं. मग रडारवर दोन ठिपके, दोन्ही मधलीकडे. मी फायर म्हणालो. काहीच नाही. पुन्हा म्हणालो, जास्त मोठ्याने. झाकणं रंगाने घट्ट चिकटून बसली होती. एका झाकणाखाली मिसाईल आतल्या आत पेटलं. डेक फुटला, खालचे खलाशी जिवंत भाजले. त्यांच्या किंकाळ्या ब्रिजवर ऐकू येत होत्या. चष्मिस पहार घेऊन डेकवर पळाला, शेजारच्या झाकणाच्या कडेत पहार घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. झाकण उघडलं. मिसाईल सुटलं. त्याच्या जाळात चष्मिस गेला. पुरायलासुद्धा काही उरलं नाही.
एक ठिपका पडला. माझ्या हुकमावरून पडला, याची नोंद असावी.
दुसरा मधलीच्या पोटात शिरला. तिचे दोन तुकडे झाले. मी रेडिओवर भावोजी, भावोजी म्हणून ओरडत होतो, तोवर ती बुडाली. पालथी तरंगणारी सगळी माणसं एकेक करून उताणी करून पाहिली. भावोजी नव्हते.

१३ मार्च
चौकशी बसणार. बसू दे. माझे मुद्दे तयार : हवा दमट, रंग हलका, पुरवठादार चोर. मी कुठेही चुकलेलो नाही. ताईला काय सांगायचं तेही ठरवलं. तांत्रिक बिघाड. आवाज खंबीर ठेवायचा. आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं, छान जमलं.

१५ मार्च
ताईचा फोन आला. मी तांत्रिक म्हणेपर्यंत तीच बोलायला लागली. म्हणाली, थोरली गेल्यावर ॲडमिरल तुला माघारी बंदरात धाडणार होते. हा रंगरंगोटीचा कॅप्टन मला नको म्हणाले. ह्यांनीच हट्ट धरला रे. म्हणाले, शेजारी माझा मेव्हणाच हवा, तो मला मरू द्यायचा नाही. मला फोनवर हे सांगताना हसत होते.
मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, तुला कुठे लागलं-बिगलं नाही ना रे?
नाही म्हणालो. कुठेच लागलेलं नाही.