रेमे बोलायची

२ सप्टेंबर
पोहोचले एकदाची सान इसिद्रोला. बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास. खाली घरमालकीण दोन्या फिदेन्सियाचं दुकान, गावातला एकुलता एक फोन तिथेच. तिने गरम चॉकलेट आणि गोड पाव पुढे केला, वर ही काडी शाळेतल्या पोरांना काय धाक दाखवणार म्हणून चिडवलंही. ओआहाकाला आईकडे फोन लावला. माझी सहा वर्षांची रेमे तोंड मिटेचना. अर्धा तास बडबडली.

३ सप्टेंबर
सहावीला स्पॅनिशचा रीती भूतकाळ सुरू केला, पूर्वी नेहमी काय व्हायचं ते सांगणारा. नियमित क्रियापदांचे तीन गट, म्हणून फळ्यावर तीन नमुने लिहिले: रेमे आब्लाबा, रेमे कोमीआ, रेमे बिबीआ. रेमे बोलायची, खायची, जगायची. एकेका क्रियापदाची रूपं रोज पाठ करून यायचं. एका मुलीने विचारलं, रेमे कधी वारली? मी हसत सांगितलं, अगं, माझी लेक आहे, ठणठणीत. वर्गात कोणी हसलं नाही.

४ सप्टेंबर
पोरांनी एका सुरात म्हटलं: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस. छान वाटलं.
दुपारी आईचा फोन. रेमे सकाळपासून एक अक्षर बोललेली नाही. रुसली असेल, मी म्हटलं. दोन्या फिदेन्सियाने विचारलं, फळ्यावर नाव कुणाचं घातलंस? रेमेचं, मी म्हटलं. म्हणाली, पोरी, आमच्याकडे या धड्याला मेलेल्याचंच नाव घालतात. मला तिचा राग आला.

५ सप्टेंबर
कोमीआ, कोमीआस. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.
फोन आला. रेमेच्या गळ्याखाली घास उतरत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. धावत जाऊन फळा पुसला, घरोघर फिरून वह्या मागितल्या, फाडल्या. पोरं म्हणाली, बाई, वही कशाला, आम्हाला तोंडपाठ आहे.
बस थेट शनिवारी.

६ सप्टेंबर
शाळेला कुलूप लावलं. पोरं पायरीवर बसली. गृहपाठ चुकवायचा नाही, हे मीच बजावलं होतं. हात जोडले, पाया पडले. एक जण म्हणाला, बाई, काळजी करू नका, आम्ही चुकणार नाही.
बिबीआ, बिबीआस —
पळत खोलीवर आले. कान दाबून घेतले तरी —
पूर्ण म्हणून झालं.

खाली फोन वाजतोय. दोन्या फिदेन्सिया हाका मारतेय, पोरी, ओआहाकाहून आहे, ये.
जाणार नाही. मी उचलत नाही तोवर रेमे अजून —