सहा टोकांची बायको

४ मार्च.
ठराव: आजपासून रडगाणं बंद. वीस वर्षं मी कपड्यांच्या सॉफ्टनरमध्ये सुगंध भरतोय. धुळीच्या कणाएवढ्या कॅप्सूल; कापड घासलं की फुटतात आणि तेव्हाच वास सुटतो. जगाच्या टॉवेलांना ताजं ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा वास टिकवता येऊ नये? तिला जाऊन सात महिने झाले. कपाटात तिचा न धुतलेला स्वेटर आहे, पण वास दर आठवड्याला कमी होतोय. हे काम आता शास्त्रावर सोपवायचं.

७ मार्च, लॅब.
स्वेटरची बाही कापली. अजिबात वाईट वाटलं नाही. कात्री दोनदा खाली ठेवली, ती धार बघायला. बाही सॉल्व्हंटमध्ये, अर्क वासाचे घटक वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये. ग्राफवर एक्केचाळीस टोकं आली, एकेका घटकाचं एकेक. सहा उंच, बाकी बारीकसारीक: घाम, केसांचं तेल, कांदा, औषधं. असला कचरा आम्ही नेहमीच काढून टाकतो. सहा ठेवली, कॅप्सूलमध्ये भरायला.

११ मार्च.
अर्क कमी पडला. दुसरी बाही. मग पाठ. उरलेल्याचं करायचं काय, म्हणून गळाही घातला.

१६ मार्च, सकाळी दहा.
लेक ऑफिसला गेल्यावर सोफा, पडदे, उशा, टॉवेल, सगळीकडे त्या कॅप्सूल फवारल्या. सोफ्यावर टेकलो आणि ती शेजारून आत्ताच उठून गेली असं वाटलं. खूप वेळ हललो नाही. यश शंभर टक्के.

१७ मार्च.
लेकीचे डोळे पाणावले. परिणाम अपेक्षेपेक्षा उत्तम. ती म्हणते, शिंका येताहेत. मुलं भावना लपवतात.

२१ मार्च.
प्लंबर न विचारता सोफ्यावर तिच्या जागेवर बसला. भपकन वास आला. आधी उठा, म्हणून मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो काम अर्धवट टाकून गेला. नळ गळतोय. माणसांना बसायचं कुठे ते कळत नाही.

२६ मार्च.
पॅसेजमध्ये वास. तिथे मी फवारलंच नव्हतं. कोणी चाललं नव्हतं, काही हललं नव्हतं. भूतबित काही नाही, कॅप्सूलचं कवच पातळ राहिलंय. तरी अगं, अशी हाक मारली. उत्तर आलं नाही, हे शास्त्राला धरूनच आहे.

३० मार्च.
तोंड पुसलं तर ती. कूस बदलली तर ती. सतत कोणीतरी पाठ करून उभं आहे असं वाटतं. आनंदच आहे. भीती वाटते ती ॲसिडिटीमुळे.

२ एप्रिल.
लेकीला सगळं सांगितलं. शाबासकीची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बाबा, हा आईचा वास नाहीये. हा तुमच्या फॅक्टरीचा आहे. तुम्ही घरी आलात की आई आधी खिडकी उघडायची."

मशीन खोटं बोलत नाही, असं तिला सुनावलं आणि ग्राफचा कागद काढला. या वेळी नीट वाचला. सहाच्या सहा आमच्याच सॉफ्टनरमधली. कंपनीकडून फुकट यायचा, तिचे सगळे कपडे त्यातच निघायचे. रोज हातात असलेला माल घरात हुंगला आणि मला तो तिचा वाटला. कचरा म्हणून काढलेली पस्तीस टोकं म्हणजेच ती होती. स्वेटरचा आता धागाही नाही.

मला रडू आलं. मग आईचा वास कसा होता, तेवढं तू सांग, असं तिला विचारलं.

"मागच्या महिन्यापर्यंत आठवत होता," ती म्हणाली.

३ एप्रिल.
सगळ्या खिडक्या उघड्या. बसलं की कॅप्सूल फुटतात, म्हणून दोघांनी चहा उभ्यानेच घेतला.